खासदारांनो, समितीच्या बंद खोलीत कोण कोण बसतं ते आम्हाला कळू द्या

महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या ४८ आणि राज्यसभेच्या १९ खासदारांना, पक्ष कुठलाही असो,

नमस्कार.

मी नगरची. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून नगरच येतं. हे पत्र एका जुन्या प्रकरणावरून लिहितेय, लोकसभेच्या एका समितीने तंबाखूच्या पाकिटावरचा मोठा इशारा थांबवायला लावला त्या, २०१५ चं आहे, तुमच्यातले कितीतरी जण तेव्हा खासदारही नव्हते, त्यामुळे आठवत नसेल तर नवल नाही. पण आमच्या घरात ते प्रकरण संपलेलं नाही, आणि ते ज्या पद्धतीने घडलं ती पद्धत अजून तशीच आहे म्हणून लिहावंसं वाटलं. लांब झालंय पत्र, तरी पूर्ण वाचा एवढी विनंती.

आधी घरचं सांगते. माझी आई विड्या वळायची. तोफखान्यात आमच्या गल्लीत दर दोन घरांआड एक बाई सूप मांडीवर घेऊन दारात बसलेली असायची. सकाळी कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू आणायचा, पानं भिजवायची, कात्रीने मापात कापायची, मग दिवसभर वळायचं, दोरा गुंडाळायचा आणि संध्याकाळी मोजून द्यायला जायचं. हजारी मजुरी, म्हणजे हजार विड्यांमागे पैसे. तपासणारा माणूस खराब म्हणून मूठभर विड्या बाजूला काढायचा, त्याचे पैसे नाहीत, आणि वाद घातला तर उद्या पान कमी मिळणार. घरभर तंबाखूचा वास, आम्ही त्यातच झोपलो, त्यातच अभ्यास केला. आई मिसरी लावायची, वडील चुना लावून तंबाखू मळायचे. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो.

२०१४ च्या दिवाळीत दादांच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला. जेवताना झोंबतं म्हणाले. दात टोचत असेल म्हणून आम्ही सोडून दिलं, आणि ते सोडून दिलं हे मला अजून खातं. फेब्रुवारीत मुंबईला नेलं तेव्हा उशीर झाला होता, अर्धा जबडा काढावा लागला, मग दीड वर्ष नळीतून दूध आणि पेज, आणि गेले. शेवटचे काही महिने ते पाटीवर लिहून बोलायचे, माझ्या मुलाची शाळेची पाटी होती ती.

आम्ही मुंबईत असतानाच, १६ फेब्रुवारी २०१५ ला, आर. आर. आबा गेले. तोंडाचा कॅन्सर. ५७ वर्षांचे. वॉर्डातल्या टीव्हीवर बातमी चालू होती आणि सगळे पेशंट, ज्यांच्या तोंडाला पट्ट्या बांधलेल्या, नुसते बघत होते, कुणी काही बोललं नाही. बोलता येत होतं त्यांनीही नाही. त्याच्या आधी शरद पवारांनी हाच आजार सोसला होता आणि ते गुटखा-तंबाखू सोडा म्हणून जाहीरपणे सांगायचे. म्हणजे महाराष्ट्राच्या राजकारणाला हा रोग नवीन नव्हता.

आणि बरोबर एका महिन्याने, मार्च २०१५ मध्ये, आमच्याच खासदारांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सांगितलं की तंबाखूच्या पाकिटावरचा मोठा इशारा तूर्त थांबवा.

काय झालं होतं ते नीट सांगते, कारण आमच्या ओळखीतल्या शिकलेल्या लोकांनाही हे माहीत नसतं. १५ ऑक्टोबर २०१४ ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अधिसूचना काढली, तेव्हा डॉ. हर्षवर्धन आरोग्यमंत्री होते. तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर दोन्ही बाजूंना ८५% जागेत इशारा हवा, ६०% चित्र आणि २५% मजकूर. त्याआधी फक्त पुढच्या बाजूला ४०% होता. लागू व्हायची तारीख १ एप्रिल २०१५. पुढच्याच महिन्यात हर्षवर्धन यांचं खातं बदललं, जे. पी. नड्डा आले. आणि हा नियम लोकसभेच्या सबऑर्डिनेट लेजिस्लेशन कमिटीने तपासायला घेतला, म्हणजे सरकार कायद्याखाली जे नियम काढतं ते बरोबर आहेत का हे बघणारी समिती. अध्यक्ष दिलीप गांधी, आमच्या नगरचे खासदार. समितीने म्हटलं की आमची तपासणी पूर्ण होईपर्यंत अंमलबजावणी नको, आणि मंत्रालयाने तारखेच्या तोंडावर नियम पुढे ढकलला.

गांधी साहेब तेव्हा पत्रकारांना जे म्हणाले त्याचा अर्थ असा होता की तंबाखू वाईट हे सगळ्यांना मान्य आहे, पण तंबाखूमुळेच कॅन्सर होतो हे दाखवणारा भारतातला अभ्यास नाही, जे आहेत ते परदेशातले आहेत, आणि तेंदूपत्ता-विडीवर कितीतरी लोकांचं पोट आहे त्याचाही विचार करा. मी हे वॉर्डच्या बाहेरच्या बाकावर बसून मोबाईलवर वाचलं. दादा आत होते.

भारतातला अभ्यास नाही? १९५५ मध्ये परळच्या टाटा हॉस्पिटलमधल्या संघवी, राव आणि खानोलकर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पेपर छापला होता, विषयच मुळी तंबाखू ओढणं-चघळणं आणि तोंड, घसा, अन्ननलिकेचा कॅन्सर. १९५५! आमच्या घराण्यात तेव्हा कुणी शाळेत गेलेलं नव्हतं. नव्वदच्या दशकात मुंबईतच जवळजवळ एक लाख माणसांची नोंद करून वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास आहे. हे सगळं आपल्याच राज्यात, आपल्याच माणसांवर झालेलं काम.

गांधी साहेब आता नाहीत. मार्च २०२१ मध्ये कोविडने गेले. गेलेल्या माणसावर राग काढायला मी हे लिहीत नाहीये. आमच्या भागात त्यांनी कामं केली, लग्नकार्याला यायचे, आईने त्यांना मत दिलं होतं. त्यांनी कुणाकडून काही घेतलं असंही मी म्हणत नाही, तसा काही पुरावा नाही आणि मला तसं वाटतही नाही. ते डॉक्टर नव्हते, त्यांना १९५५ चा पेपर माहीत असायलाच हवा असंही नाही. खासदाराला सगळं कसं माहीत असेल, म्हणून तर समिती माणसं बोलावते, कागद मागवते, सुनावणी घेते. माझा प्रश्न इतकाच आहे की त्यांच्या कानापर्यंत ‘भारतातला अभ्यास नाही’ हे वाक्य पोचलं आणि परळचा तो अभ्यास पोचला नाही, असं कशामुळे झालं? त्यांच्याशी कोण बोलत होतं, किती वेळा, कुठे, आणि त्या बोलणाऱ्याचा पगार कोण देत होतं?

लॉबिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे नोटांची बॅग येते. मला वाटतं बहुतेक वेळा बॅगेची गरजच पडत नसेल. खासदाराकडे वेळ कमी, स्टाफ कमी, विषय शंभर. अशा वेळी जो माणूस छान बाइंडिंग केलेली फाइल घेऊन येतो, आकडे तयार, तुमच्या मतदारसंघातल्या किती लोकांचा रोजगार जाईल ते तयार, कुठला प्रश्न विचारायचा तेही लिहून तयार, त्याचंच म्हणणं डोक्यात बसतं. दुसऱ्या बाजूला कॅन्सरचा पेशंट असतो, तो दिल्लीला येत नाही, त्याला घोटभर पाणी गिळता येत नाही.

आणि त्या समितीत सदस्य म्हणून कोण होतं? अलाहाबादचे तेव्हाचे खासदार श्यामाचरण गुप्ता, विडीच्या धंद्यातलं मोठं नाव. हे काही गुपित नव्हतं, सगळ्या पेपरांत आलं होतं. त्यांनीही तेव्हा जाहीर सांगितलं की भरपूर विड्या-सिगारेटी ओढूनही काही न झालेली माणसं मी दाखवू शकतो. तेही २०२१ मध्येच गेले. पण मुद्दा राहतोच ना. गावात बांधाचा वाद असला तर ज्याचा बांध आहे तो पंचांपुढे उभा राहतो, आपलं म्हणणं मांडतो, त्याचा तो हक्कच आहे, पण तो पंचांच्या सतरंजीवर बसत नाही. आमच्या आजोबांच्या काळातल्या अडाणी पंचांना कळत होतं हे. विडी कारखानदाराने समितीपुढे साक्ष द्यावी, जरूर द्यावी, तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यानेही द्यावी, त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. पण ज्याच्या मालाच्या पाकिटावर काय छापायचं हा प्रश्न आहे, तोच प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला बसला तर समोर साक्ष द्यायला आलेल्या डॉक्टरला काय वाटत असेल?

लोकसभेच्या नियमांत २५५ नंबरचा नियम आहे, एखाद्या सदस्याचा वैयक्तिक किंवा पैशाचा संबंध इतका जवळचा असेल की त्याने विचारावर परिणाम होईल तर समितीतल्या त्याच्या असण्यावर हरकत घेता येते आणि निर्णय लोकसभेचे अध्यक्ष देतात. म्हणजे कुणीतरी उठून बोट दाखवायचं तेव्हा. सहकाऱ्यावर बोट कोण दाखवणार? राज्यसभेत निदान हितसंबंधांचं रजिस्टर तरी आहे, कंपनीचं संचालकपद, मोठी शेअर मालकी, पगारी सल्लागारी वगैरे पाच गोष्टी लिहून द्याव्या लागतात. लोकसभेत तसं रजिस्टरच नाही. निवडणुकीच्या वेळी प्रतिज्ञापत्र भरता ते मला माहितेय, पण समितीत कुठला विषय आला आणि त्याचा तुमच्या धंद्याशी काय संबंध, हे त्यातून कळत नाही.

अजून एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कंपन्यांना जिंकायची गरजच नसते, त्यांना फक्त उशीर हवा असतो. १ एप्रिल २०१५ चं १ एप्रिल २०१६ झालं. एक अख्खं वर्ष जुनीच पाकिटं, जुनाच छोटा इशारा, आणि वर्षभराचा धंदा. सुनावणी चालू आहे, तपासणी चालू आहे, सगळ्यांचं ऐकून घेऊ, हे ऐकायला किती चांगलं वाटतं! पण ज्या दिवशी तो नियम लागू व्हायचा होता त्याच दिवशी, १ एप्रिल २०१५ ला, तंबाखूविरोधी सरकारी जाहिरातीत दिसणारी ती २८ वर्षांची आई गेली, मुंबईतच. मोठे इशारे थांबवू नका म्हणून तिने शेवटच्या दिवसांत पंतप्रधानांना पत्र लिहिलं होतं. तिचं ऐकून घ्यायला कुठल्या समितीकडे वेळ होता?

नंतरचं थोडक्यात सांगते. राजस्थान हायकोर्टाने दट्ट्या दिला, सरकारने १ एप्रिल २०१६ ही नवी तारीख काढली. त्याच्या दोन आठवडे आधी समितीचा अंतिम अहवाल आला, ८५% फार कडक होतं, ५०% करा. यावेळी सरकारने ऐकलं नाही, नियम लागू केला, त्याबद्दल सरकारचे आभार मानायला हवेत. सिगारेट कंपन्यांनी कारखाने बंद ठेवले, दिवसाला ३५० कोटींचं नुकसान होतंय म्हणाले. मे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने नियम पाळा सांगितलं, डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने ८५% चा नियम रद्द केला, जानेवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. आज पाकिटावर ते मोठं चित्र दिसतं ते इतक्या धक्क्यांतून वाचलेलं आहे.

आणि त्या चित्राने काय होतं म्हणणाऱ्यांना माझ्या भावाचं सांगते. तो पण पुडी खायचा, दादांचं ऑपरेशन झाल्यावरही खायचा, लपून. २०१६ च्या उन्हाळ्यात नवीन चित्राची पुडी त्याच्या हातात आली, ती त्याने रिकाम्या डबीत ओतली आणि पुडी फेकून दिली, चित्र बघायला नको म्हणून. असं तीन-चार महिने केलं. मग एक दिवस मला म्हणाला, ताई, ते तोंड दादांसारखं दिसतं गं. त्यानंतर सोडली. सोपं नव्हतं, चिडचिड, दोनदा परत सुरू केली, पण सोडली. हे माझ्या एका भावाचं झालं, पण २०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेतही, तो ग्लोबल अॅडल्ट टोबॅको सर्व्हे, सिगारेट ओढणाऱ्यांतले जवळजवळ ६२%, विडी ओढणाऱ्यांतले ५४% आणि तंबाखू खाणाऱ्यांतले ४६% म्हणाले की पाकिटावरचा इशारा बघून सोडायचा विचार मनात आला. महाराष्ट्रात त्या सर्व्हेत चारातला एक मोठा माणूस तंबाखू घेणारा निघाला, आणि त्यातले बहुतेक खाणारे, ओढणारे नाहीत. म्हणजे आपल्याकडे पुडीवरचं चित्रच महत्त्वाचं. एक वर्ष उशीर म्हणजे काय, ते मी दादांच्या बाबतीत मोजत नाही, त्यांचा चट्टा आधीच झाला होता, मी माझ्या भावाच्या वयाच्या पोरांच्या बाबतीत मोजते.

आता विडी कामगारांचं, कारण हे मला सगळ्यात जास्त लागलेलं आहे. त्या सगळ्या वादात आमच्या आयांचं नाव घेतलं गेलं. विडी कामगार बायकांचं काय होणार, त्यांच्या पोटावर पाय येईल. ज्यांनी हे म्हटलं त्यांना मी विचारते, पाकिटावरचं चित्र मोठं झालं तर हजारी मजुरी कमी कशी होते? मजुरी कोण ठरवतं? किमान वेतन मिळावं म्हणून नगरच्या, सोलापूरच्या, सिन्नर-संगमनेरच्या बायका वर्षानुवर्षं मोर्चे काढतायत, माझी आई लहान मला कडेवर घेऊन कलेक्टर ऑफिसवर गेली होती, तेव्हा यांच्यापैकी कुणी फाइल घेऊन दिल्लीला गेलं का? आईच्या बोटांना अजून तंबाखूचा पिवळा रंग आहे, खोकला आहे, कंबर सरळ होत नाही. मजुरी वाढवायची म्हटलं की धंदा परवडत नाही आणि इशारा मोठा करायचा म्हटलं की कामगार मरेल. दोन्ही वेळा बोलणारा मालक. कामगाराच्या नावाने बोलायचं असेल तर कामगाराला बोलवा ना खोलीत, तिच्याच तोंडून ऐका, ती कदाचित तुम्हाला सांगेल की माझ्या मुलीच्या हातात सूप नको, दुसरं काहीतरी काम द्या.

लोकसभेच्या समितीच्या बैठका बंद दाराआड होतात, नियमच तसा आहे. अहवाल आल्यावर मागे साक्षीदारांची नावं छापतात, मान्य आहे, पण तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, आणि कुणाला कोण पैसे पुरवतं ते त्या यादीत नसतंच. एखादी शेतकरी संघटना म्हणून आली तर तिचा खर्च कंपनी करते का, एखादा प्राध्यापक आला तर त्याचा रिसर्च कुणाच्या पैशावर झाला, हे कोण विचारतं? अमेरिकेत १४ एप्रिल १९९४ ला सात मोठ्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख तिथल्या संसदेच्या समितीपुढे हात वर करून शपथ घेऊन म्हणाले की निकोटिनचं व्यसन लागतं असं आम्हाला वाटत नाही. तिथेही लॉबी आहे, आपल्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. पण ती सुनावणी कॅमेऱ्यापुढे झाली, त्यामुळे ते वाक्य त्यांना परत गिळता आलं नाही, आज तीस वर्षांनीही कुणीही ते बघू शकतं. आपल्याकडे त्या समितीत कोण काय म्हणालं ते नगरच्या मतदाराला त्याच दिवशी दिसलं असतं, तर मला नाही वाटत गांधी साहेबांनी तसं विधान केलं असतं. गल्लीतल्या बायकांनीच दुसऱ्या दिवशी विचारलं असतं.

भारताने जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू करारावर २००४ मध्येच शिक्कामोर्तब केलंय, त्यातलं कलम ५.३ सांगतं की आरोग्याची धोरणं तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून वाचवा. २०२० मध्ये आरोग्य मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांसाठी त्याप्रमाणे आचारसंहिता काढली, उद्योगाच्या माणसांना कसं आणि किती भेटायचं याची. मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला नियम आणि ज्या समितीने मंत्रालयाचा नियम थांबवला तिच्या सदस्यांना नाही, हे कसं चालेल? त्याच वर्षी तंबाखू कायद्यात सुधारणेचा मसुदाही तयार झाला, खुली सिगारेट बंद, विकत घ्यायचं वय १८ वरून २१, जानेवारी २०२१ मध्ये लोकांकडून सूचना मागवल्या, आणि पुढे त्याचा कायदा झाला नाही. उद्या तो परत आला तर पुन्हा कुठल्यातरी समितीत जाईल, पुन्हा फाइली येतील.

समित्या बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. उलट विधेयकं समितीकडे जाणंच कमी झालंय, १५व्या लोकसभेत साधारण ७१% गेली होती, १७व्या लोकसभेत १६%. म्हणजे जी काही थोडी सुनावणी उरलीय ती तरी नीट व्हावी. लोकसभेत हितसंबंधांचं रजिस्टर आणा आणि ते सगळ्यांना बघायला ठेवा. समितीत विषय आला की पहिल्याच बैठकीत प्रत्येक सदस्याने सांगावं माझा याच्याशी धंद्याचा संबंध आहे किंवा नाही, आणि असेल तर त्या विषयापुरतं बाजूला बसावं, दुसऱ्याने हरकत घ्यायची वाट बघू नये. जो साक्षीला येईल किंवा निवेदन देईल त्याने कुणाचे पैसे घेतलेत ते आधी लिहून द्यावं, आणि ती निवेदनं अहवालाची वाट न बघता वेबसाइटवर टाका, मराठीतली मराठीत टाका. आणि तपासणी पूर्ण व्हायच्या आधी आरोग्याचा नियम थांबवायचा असेल तर का थांबवला त्याची कारणं त्याच दिवशी जाहीर करा. तुमच्यातला एक जरी खासदार हे प्रायव्हेट मेंबर बिल म्हणून मांडायला तयार असेल तर मी आमच्या गल्लीतून सह्या गोळा करायला उद्यापासून सुरुवात करते.

माझी आई आता ७४ वर्षांची आहे. मिसरी तिने दादा गेल्यावर सोडली. पुढच्या वेळी तंबाखूचा विषय समितीपुढे आला आणि कुणी विडी कामगारांचं नाव घेतलं, तर तिला बोलवा. तिला हिंदी जमत नाही, मराठीत बोलेल, पण हजार विड्यांना काय मिळायचं, कापून किती जायचं आणि दादांच्या औषधाला किती लागले ते सगळं तिला तोंडपाठ आहे. रेल्वेच्या तिकिटाचं आम्ही बघू.

आपली,
नगरची एक मतदार, विडी कामगाराची मुलगी